दोन रंगांचा एक संसार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास आणि नाट्यसंगीत अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्या पंक्तीत एका पोपटासाठी पाट मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. विषय पोपटाचा असला, तरी भाषणाची पोपटपंची होऊ देणार नाही, एवढे आश्वासन आरंभीच देऊन ठेवतो.

आपल्या मराठी मनात पोपट कधी एकटा येत नाही. राघू म्हटला की पाठोपाठ मैना आलीच. जात्यावरच्या ओव्यांत, लावण्यांत, रुखवतावर मांडलेल्या भरतकामात राघू-मैनेची जोडी ठरलेली. संस्कृत साहित्यातील शुक-सारिका हीही तीच जोडी. वस्तुतः राघू हा पोपटांच्या कुळातला, तर मैना साळुंकीच्या कुळातली. या दोघांचे लग्न निसर्गात कधी लागले नाही आणि लागणारही नाही. राघूची खरी सहचारिणी त्याच्यासारखीच हिरवी असते. नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी असते, ती तिच्या गळ्यात नसते, इतकाच काय तो भेद. तरीही आपल्या लोकप्रतिभेने दोन निराळ्या जातींच्या पक्ष्यांचा संसार थाटून दिला, आणि तो शतकानुशतके सुखाने चालला आहे.

आज ज्या पक्ष्याविषयी बोलावयाचे आहे, त्याच्या वाट्याला नेमके याच्या उलट आले. त्याच्या बाबतीत एकाच जातीच्या नर-मादीचा भरला संसार मोडून त्यांना दोन निराळ्या जातींत वाटून टाकण्यात आले. हे काम लोककवींनी नव्हे, तर युरोपातील नामवंत पंडितांनी केले. आणि त्यांनी घडवून आणलेला हा घटस्फोट जवळजवळ शंभर वर्षे टिकला. तो कसा घडला, कसा मिटला, आणि त्या रंगभेदामागचे खरे कारण काय निघाले, ही हकिकत आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती ऐकण्याजोगी आहे ती केवळ नवलाची म्हणून नव्हे. वरच्या रंगावरून निवाडा करण्याची आपणा सर्वांनाच सवय असते. त्या सवयीची किंमत काय पडते, हे तीत स्पष्ट दिसते.

या पक्ष्याचे नाव एक्लेक्टस. हे नाव ग्रीक भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'निवडलेला' असा आहे. त्याला रूढ मराठी नाव नाही, कारण तो आपल्याकडचा नाही. त्याचा मुलूख म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्वेकडील मालुकू बेटे, सुंबा आणि तनिंबर ही बेटे, न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाचे अगदी उत्तरेकडील टोक, म्हणजे केप यॉर्क द्वीपकल्प. यांपैकी मालुकू बेटांशी आपल्या माजघराचा फार जुना संबंध आहे. श्रीखंडात आपण जे जायफळ किसून घालतो आणि मसालेभातात जी लवंग टाकतो, त्या दोहोंचे मूळ माहेर तेच. या मसाल्यांच्या ओढीने युरोपीय गलबते त्या बेटांना लागली, आणि परतताना जायफळ-लवंगांबरोबर तिथले रंगीबेरंगी पक्षीही नेऊ लागली. काही जिवंत गेले. बहुतेकांच्या मात्र वाळविलेल्या कातड्याच गेल्या.

एक्लेक्टसचा नर आणि मादी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्या पंडितांना फार दोष देता येणार नाही. अंगाने दोघेही आपल्या राघूपेक्षा पुष्कळ थोराड. नर पाचूसारखा झळझळीत हिरवा. पंखांच्या खाली आणि कुशीला तांबडा रंग, पण तो पंख उघडल्यावाचून फारसा दिसत नाही. त्याच्या चोचीचा वरचा भाग पिकल्या संत्र्याच्या रंगाचा आणि टोकाशी पिवळसर. मादीकडे पाहावे, तर हिरव्याचा मागमूस नाही. डोके आणि छाती लालभडक, पोट आणि मानेमागचा पट्टा निळा-जांभळा, चोच काळीभोर. सुंबा बेटावरील मादीला तर तो निळा पट्टाही नाही. ती नखशिखान्त तांबडी. हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीने ठेवणीतला शालू नेसावा, तसा तिचा थाट. मोर आणि लांडोर यांच्यातही मोठा फरक असतो. पण लांडोर ही मोराचीच साधी आवृत्ती वाटते. इथे साधी आवृत्ती कोणतीच नाही. दोघेही आपापल्या परीने पूर्ण सजलेले. फक्त सजावट अगदी निराळी.

१७७६ मध्ये म्यूलर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने या जातीला पहिले शास्त्रीय नाव दिले. पुढे १७८६ मध्ये स्कोपोली या दुसऱ्या विद्वानाने हिरव्या पक्ष्याला जे नाव दिले, त्याचा अर्थच 'पुष्कळ हिरवा' असा होता. लाल पक्ष्यांची नावे निराळी, हिरव्यांची निराळी. ग्रंथांत त्यांची पाने निराळी आणि संग्रहालयांत त्यांचे कप्पेही निराळे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८५४ पासून १८६२ पर्यंत, आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्या बेटांची पायपीट केली आणि आपला प्रवासग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध केला. तोपर्यंतही ही विभागणी अबाधित होती.

ती मोडली वॉलेस यांच्याच एका चाहत्याने. आडोल्फ बर्नहार्ड मायर हे त्याचे नाव. वॉलेस यांच्या प्रवासग्रंथाचा जर्मन अनुवाद त्यानेच केला होता. अनुवाद करून तो थांबला नाही. त्याच बेटांकडे तो स्वतः निघाला आणि १८७३ मध्ये न्यू गिनीत जाऊन पोहोचला. स्वतः मिळविलेले पक्षी तपासताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. हिरवा पक्षी उघडून पाहावा, तो नर निघे. लाल पक्षी उघडावा, ती मादी निघे. याला अपवाद सापडेना. तेव्हा १८७४ मध्ये त्याने जाहीर केले की, या दोन जाती नव्हेतच. हे एकाच जातीचे नवरा-बायको आहेत. पुष्कळांना हे पटेना. इतका भेद एका घरात कसा असेल, ही शंका काही सहजासहजी जाणारी नव्हती. परंतु सत्य मायरच्या बाजूला होते, आणि अखेरीस तेच मान्य झाले.

येथे आमच्यासारख्या कचेरीत जन्म घालविलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. समजा, खानेसुमारीच्या कागदांत एका गावात सगळे पुरुषच आहेत आणि शेजारच्या गावात सगळ्या स्त्रियाच आहेत, असे आढळले. कोणताही कारकून दोन्ही तक्ते शेजारी ठेवून विचारील की, साहेब, ही दोन गावे आहेत की एकच? मग शंभर वर्षांत एवढ्या विद्वानांना ही शंका का आली नाही? याचे उत्तर असे की, तक्त्यातील तो रकानाच बहुधा कोरा असे. जहाजांवरून आलेल्या पुष्कळ कातड्यांवर पक्षी नर की मादी, याची नोंद नसे. रंग मात्र डोळ्यांना ठळक दिसे. मग जे ठळक दिसले, त्यावरच वर्गवारी झाली. फायलीत काय लिहिले आहे हे न पाहता वेष्टनाच्या रंगावरून ती कोणत्या विभागाची हे ठरवावे, तशातलाच हा प्रकार.

शिवाय दुसरेही एक कारण होते, आणि ते अधिक खोल होते. ज्यांनी नावे दिली, त्यांनी हा पक्षी त्याच्या रानात नांदताना पाहिलाच नव्हता. त्यांच्यापुढे होते ते पेंढा भरलेले देह. घर पाहिले नाही, घरातील माणसे एकमेकांशी कशी वागतात हे पाहिले नाही. नुसत्या खुंटीवरच्या कपड्यांवरून कुटुंबाची वंशावळ लिहिली. ती चुकली यात नवल ते काय?

असो. मायरने कोण नर आणि कोण मादी, एवढे सांगितले. परंतु असे का, हा प्रश्न त्यानंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला, आणि तो पहिल्या प्रश्नाहून अवघड होता.

पक्ष्यांच्या पोशाखाविषयी शास्त्राने एक सर्वसाधारण नियम सांगितला आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा विस्तार केला. ज्याला जोडीदार मिळविण्यासाठी चढाओढ करावी लागते, तो सजतो. बहुतेक पक्ष्यांत ही चढाओढ नरांना करावी लागते. म्हणून मोराला पिसारा, लांडोरीला नाही. मादीला अंडी उबवीत उघड्यावर बसावे लागते. तिला भडक रंग परवडत नाही. या नियमाला काही उलट उदाहरणे आहेत, आणि त्यांतील एक आपल्याच पाणथळीत सापडते. पाणलाव्याची एक रंगीत जात आहे. तीत मादी देखणी आणि नर फिका. पण तिथे घरातील कामेच उलटी झाली आहेत. मादी नरांपुढे मिरवते, आणि अंडी उबविण्याचे व पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. म्हणजे नियम मोडला नाही. फक्त भूमिका बदलल्या, तसे पोशाखही बदलले.

एक्लेक्टस या दोहोंतही बसत नाही. इथे मादी भडक आहे. पण अंडी तीच उबविते, पिल्लांजवळ तीच बसते. भूमिका बदललेल्या नाहीत, पोशाख मात्र बदलला आहे. शिवाय नरही काही फिका नाही. उत्क्रांतिशास्त्रातील एक अग्रगण्य विचारवंत विल्यम हॅमिल्टन यांनाही हे कोडे खुणावीत असे. त्यांचे निधन २००० मध्ये झाले, तेव्हा त्याचे समाधानकारक उत्तर प्रसिद्ध झालेले नव्हते.

उत्तर मिळाले ते ज्या गोष्टीचा जुन्या पंडितांकडे अभाव होता तिच्यामुळे, म्हणजे रानात जाऊन, थांबून, वर्षानुवर्षे पाहण्यामुळे. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे रॉबर्ट हाइनसोन आणि त्यांचे सहकारी यांनी केप यॉर्कमधील आयर्न रेंज या पर्जन्यवनात आठ वर्षे हा पक्षी अभ्यासला. रानातील उंचच उंच झाडांच्या खोडांत, जमिनीपासून वीस-वीस मीटर व त्याहूनही उंच असलेल्या ढोल्यांत, हे पोपट घर करतात. दोरांच्या आधाराने तिथवर चढायचे, ढोलीत डोकावायचे, पिल्ले मोजायची, आणि पुन्हा पुढल्या वर्षी तेच करायचे, असा तो उद्योग होता. हाइनसोन, सेरा लेग आणि जॉन एंडलर यांनी त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये 'सायन्स' या सुप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध केले.

त्यांना जे आढळले, ते थोडक्यात सांगावयाचे तर असे : या सगळ्या रंगवैभवाच्या मुळाशी आहे जागेची टंचाई.

बंधुभगिनींनो, बदलीच्या गावी घर शोधण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आलेला आहे. तेव्हा हा मुद्दा समजण्यास आपणास वेळ लागणार नाही. पोपटाला चोचीने नवे घर कोरता येत नाही, निदान या आकाराच्या पोपटाला तर नाहीच. त्याला आयती ढोली हवी. ती पुरेशी मोठी हवी, खोल हवी, उंचावर हवी आणि पावसाच्या पाण्याने भरून जाणारी नसावी. अशी ढोली पडण्यास झाड फार जुने व्हावे लागते. आयर्न रेंजच्या रानात अशा योग्य ढोल्यांचे प्रमाण साधारणपणे एका चौरस किलोमीटरमागे एक, इतके विरळ आढळले. म्हणून ज्या मादीला ढोली मिळाली, ती तिला सोडीत नाही. विणीच्या कितीतरी आधीपासून ती तिथे ठाण मांडते. वर्षातील नऊ-नऊ महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, ती ढोलीच्या तोंडाशी किंवा आत असते. दुसरी मादी आली की भांडण ठरलेले; आणि ते भांडण प्रसंगी एकीच्या प्राणावरही बेतते.

आता तिच्या लाल रंगाचा अर्थ उलगडू लागतो. ढोलीच्या दाराशी, करड्या-तपकिरी खोडावर बसलेली ही तांबडी-निळी मूर्ती दुरूनही लख्ख दिसते. घराच्या दारावर लाविलेली नावाची पाटी म्हणावी, तसा तो रंग येणाऱ्या-जाणाऱ्या इतर माद्यांना बजावतो की, ही जागा भरलेली आहे, पुढे जा. मग शत्रूचे भय नाही काय? आहे, पण संकट आले की ती एका क्षणात ढोलीत शिरते. जिला घर आहे, तिला लपण्याच्या रंगाची गरज उरत नाही.

नराचे आयुष्य अगदी निराळे. मादी घर सोडीत नाही, तेव्हा तिला आणि पुढे पिल्लांना खाऊ घालण्याचा भार त्याच्यावर. तो दिवसभर रानात फळे, बिया, फुले यांच्या शोधात दूरदूर फिरतो, आणि परत येऊन पोटातले अन्न तिच्या चोचीत भरवितो. फळांच्या झाडावर असताना त्याला बहिरी ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याचे भय असते. तिथे हिरव्या पानांत हिरवा रंग हीच त्याची ढाल. पण केवळ लपून भागत नाही. मादीच्या नजरेत भरणेही आवश्यक असते. इथे निसर्गाने मोठी खुबी केली आहे. पोपटांना माणसांना न दिसणारे अतिनील किरण दिसतात, आणि नराच्या हिरव्या पिसांत त्या किरणांची झाक असते. शिकारी पक्ष्यांची नजर त्या बाबतीत पोपटांइतकी तीक्ष्ण नसते. त्यामुळे पानांआड तो शत्रूला सहसा दिसत नाही; ढोलीपाशी खोडावर येऊन बसला की पोपटांच्या डोळ्यांना मात्र तो उठून दिसतो. एकाच अंगरख्यात चाकरीचा गणवेश आणि समारंभाचा पोशाख दोन्ही शिवून दिलेले.

आणखी एक गोष्ट आढळली. चांगल्या ढोलीच्या मालकिणीकडे एकच नर येत नाही. पाच-पाच नरही तिला भरवायला येतात, आणि हे नरही एकाच ढोलीला बांधलेले नसतात. अशा प्रकारे माद्यांची चढाओढ ढोल्यांसाठी, नरांची चढाओढ माद्यांसाठी. दोन चढाओढी निराळ्या, दोन संकटे निराळी. म्हणून दोन पोशाख निराळे. शंभर वर्षे ज्यांना दोन जाती मानले, त्यांचे दोन रंग एकाच घराच्या दोन गरजांतून उत्पन्न झाले होते. घर पाहिले नव्हते, म्हणून रंगांचा अर्थ लागला नव्हता.

या कथेची एक कठोर बाजूही आहे. ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मादी बहुधा दोन अंडी घालते. ढोली चांगली असेल तर ठीक. पण जिच्या वाट्याला पावसात पाणी भरणारी ढोली आली, तिच्यापुढे काळाशी शर्यत असते. मादी पिल्ले नर पिल्लांपेक्षा सुमारे आठवडाभर आधी घरट्याबाहेर पडतात. हाइनसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, अशा वाईट ढोलीतील आई कित्येकदा नर पिल्लाला जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच मारून टाकते, म्हणजे लवकर वाढणारी मुलगी तरी पाणी येण्याआधी वाचते. हे ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. परंतु पक्ष्यांच्या वागण्यावरून माणसांचा नीतिधर्म ठरवू नये, आणि माणसांच्या नीतिधर्माने पक्ष्यांचा न्याय करू नये, असे आम्हांस वाटते. यातून घ्यावयाचा तो एकच बोध : चांगले घर न मिळणे ही त्या रानात जीवन-मरणाची गोष्ट आहे.

म्हणूनच या पक्ष्याचे भवितव्य रंगांवर नव्हे, झाडांवर अवलंबून आहे. जुने, पोकळ झाड हे लाकूडतोड्याच्या दृष्टीने निरुपयोगी किंवा धोक्याचे. पोपटाच्या दृष्टीने तेच एकमेव घर. एक म्हातारे झाड पाडले की त्याच्या जागी दहा रोपे लावून भरपाई होत नाही, कारण त्या रोपांत ढोली पडण्यास कित्येक पिढ्या जाव्या लागतात. सुंबा बेटावर रानाची तोड आणि पिंजऱ्यांसाठी झालेली पकड या दोहोंमुळे तिथल्या तांबड्या माद्यांचे कूळ आज संकटात सापडले आहे.

पिंजऱ्यांचा उल्लेख आला, म्हणून आपल्या देशाविषयी थोडे. एक्लेक्टस आपल्या रानात नाही, पण आपल्या शहरांतील परदेशी पक्ष्यांच्या बाजारात तो आहे. त्याची जोडी म्हणजे हिरवा आणि लाल, तेव्हा दिवाणखान्याला शोभा येते, असे ग्राहकाला सांगितले जाते. आपल्या देशी पोपटांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा होय, ही गोष्ट आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत ठाऊक नसते. परदेशी पक्ष्यांबाबत मात्र बराच काळ देशांतर्गत कायदा मोघम होता. बहुतेक पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटीज या कराराचे नियंत्रण १९८१ पासून आहे, एक्लेक्टसही त्यात आला. परंतु सीमेच्या आत आलेल्या पक्ष्याचे काय, हा प्रश्न उरतच होता. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असे परदेशी जीव बाळगणाऱ्याने त्यांची रीतसर नोंदणी करणे आवश्यक झाले. ज्या पक्ष्याच्या बाबतीत शंभर वर्षे एक रकाना कोरा राहिल्याने घोटाळा झाला, त्याची आता तरी नीट नोंद होऊ लागली, याचे आम्हांला थोडे समाधान वाटते. पण नोंदणी झाली म्हणजे कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये. ज्या मादीने वर्षाचे नऊ महिने आपल्या निवडलेल्या ढोलीसाठी झुंजावे, तिला शोभेची वस्तू म्हणून कोपऱ्यात टांगून ठेवण्यात कोणती रसिकता आहे?

आणि तरीही आमचे आजचे मागणे परदेशी पोपटासाठी नाही. ते आपल्या घराजवळच्या राघूसाठी आहे. तोही ढोलीतच घर करतो. आपण ज्या शहरांत पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालो, त्या शहरांत रस्तारुंदीच्या आणि इमारतींच्या निमित्ताने पहिला बळी जातो तो जुन्या वड-पिंपळांचा आणि आंब्या-जांभळांचा. पोकळ झालेले झाड पाहिले की आपण म्हणतो, हे आता कामाचे नाही. वरून पाहिले तर ते खरेही वाटते. पण त्या पोकळीत कोणाचा संसार आहे, हे पाहावयास आपण किती वेळा थांबतो? झाड खरोखर धोक्याचे असेल, तर धोक्याच्या फांद्या उतरवाव्या; निदान विणीच्या दिवसांत त्याला हात लावू नये, एवढे तरी आपल्या सोसायट्यांच्या सभांत आपण आग्रहाने सांगू शकतो. त्याला ना खर्च पडतो, ना वरिष्ठांची मंजुरी लागते.

घराचे मोल या मंडळाला निराळे सांगावयास नको. पन्नास वर्षांपूर्वी परमुलखात आलेल्या मराठी माणसांना आपली भाषा बोलावयास, गणपती बसवावयास, मुलांना अक्षरओळख करून द्यावयास एक जागा हवी होती. ती मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी मागच्या पिढीने किती खस्ता खाल्ल्या, हे या स्मरणिकेच्या इतर पानांवर येईलच. बाहेरून पाहणाऱ्याला आपण सारे एकाच रंगाचे दिसत असू, किंवा अगदी निराळ्या रंगांचे. ज्याने आपले घर आतून पाहिले आहे, त्यालाच त्या रंगांचा अर्थ कळेल.

राघू-मैनेच्या जोडीत आम्ही ढवळाढवळ करू इच्छीत नाही. त्यांचा ओव्यांतला संसार असाच सुखाचा चालो. मायरने तोडलेला संसार जोडला तो पक्षी उघडून, हाइनसोन यांनी त्याचा अर्थ लावला तो ढोलीत डोकावून. त्या दोघांच्या दृष्टीचा थोडा अंश आपणांस लाभावा, एवढीच इच्छा.